मामांच्या खिशातलं मीठ

सकाळी साडेसहाला दारावर दोन टकटक झाल्या की समजायचं, कचऱ्याची बादली बाहेर ठेवायची वेळ झाली. बादली उचलून न्यायला कोणी येत नसे. ती तपासायला आमचे घरमालक येत. अंगात पांढरा सदरा, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि हातात खराट्यातली एक काडी. त्या काडीने ते आमचा कचरा वरखाली करत आणि आदल्या रात्री आम्ही काय खाल्लं ते शोधून काढत.

"ह्या काय?" काडीच्या टोकावर पार्सलच्या डब्याचं झाकण उचलून ते विचारत.

"मामा, काल ऑफिसातून यायला उशीर झाला. शेजवान राइस मागवला."

"तुज्या घरात भात नवता?"

"होता."

"मंग भात असताना भात कशाला मागवलास?"

 शिक्षा ठरलेली होती. ज्याच्या बादलीत पार्सलचा डबा सापडेल त्याने संध्याकाळी मामींच्या चुलीपुढे बसून दहा तांदळाच्या भाकऱ्या करायच्या, आणि फाटलेली भाकरी मोजणीत धरायची नाही. पहिल्या महिन्यात मी इतक्या भाकऱ्या फाडल्या की मामींनी त्यांच्या कोंबड्यांना दुसरं काही घालायचं बंद केलं.

मी माणगावकडचा, भातशेतीच्या घरातला. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांच्या टेबलावर नोकरी लागली आणि उरणजवळच्या त्या गावात मामांच्या चाळीत खोली मिळाली. आठ खोल्या, पुढे लांब ओटा, मागे शेवग्याची दोन झाडं. सगळे भाडेकरू त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. पगार म्हणावा इतका नव्हता, त्यातला अर्धा घरी जायचा, आणि उरलेला मी वडापाव, चायनीज भेळ आणि हॉटेलच्या थाळीत वीस तारखेच्या आत संपवायचो. पुढचे दहा दिवस बिस्किटं आणि चहा. साताऱ्याकडचा माझा रूममेटही त्याच मार्गाने चालला होता, त्यामुळे आम्हाला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

मामांना मात्र वाटत होतं. एकदा चोवीस-पंचवीस तारखेला त्यांना आमच्या बादलीत नुसते बिस्किटांचे कागद सापडले.  संध्याकाळी एक पातेलं, एक वाटी तांदळाची कणी आणि दोन सुके बोंबील घेऊन आमच्या खोलीत आले आणि स्टोव्हपुढे मांडी घालून बसले.

"पेज येते?"

"आजारपणात खातात ती?" मी विचारलं.

"आजारी तर तुमी हायतच," ते म्हणाले आणि कणी धुवायला लागले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मन लावून पेज खाल्ली. कणी मऊ शिजून पाण्याशी एक झालेली, वर थेंबभर तूपसुद्धा नाही, आणि सोबत स्टोव्हच्या जाळावर भाजून खोबऱ्याबरोबर ठेचलेला बोंबील. साताऱ्याचा माझा मित्र बोंबलाच्या वासाने आधी नाक धरून ओट्यावर जाऊन बसला होता. तासाभराने तो आत आला आणि दुसऱ्या बोंबलाची चौकशी करू लागला. तेव्हा दुसरा बोंबील माझ्या पोटात होता.

तिथून पुढे आमची शिकवणी सुरू झाली. कुळथाचं पिठलं पातळ ठेवायचं म्हणजे भातावरही चालतं आणि भाकरीलाही. जवळा आधी कोरडा भाजायचा, मग धुवायचा, मग कांद्यात टाकायचा. उलटं केलं तर कचकच लागते. दुधी आणला तर सालीची चटणी त्याच दिवशी. मागच्या शेवग्याचा पाला कोणीही केव्हाही तोडावा, झाड मामांचं असलं तरी पाला सगळ्या चाळीचा. शिळ्या भाताला लसूण आणि कोकमाचं पाणी. एका वेळेला एकच पातेलं, कारण दुसरं पातेलं घासायला लागलं की माणूस हॉटेलचा विचार करतो, असं ते म्हणत. यातलं बरंच मी आजही करतो. माझी बायको म्हणते की लग्नाआधी मी चांगला पगार सांगितला होता, मग घरात हे असं जेवण का. तिला मी अजून पटवून देऊ शकलेलो नाही, पण पिठलं तीही दोनदा वाढून घेते.

मामांचा सगळ्यात विचित्र नियम पगाराच्या आठवड्याचा होता. सगळं जग पगार झाला की मच्छी-मटण आणतं. मामांच्या चाळीत पगार झाला की पेज. पहिला आठवडा पेज आणि पाला, मधले दोन आठवडे डाळ आणि सुकट, आणि शेवटच्या आठवड्यात ताजी मासळी. आम्ही सुरुवातीला खूप कुरकुर केली.

"खिसा गरम असंल तवा जीभ गार ठेवाची," ते म्हणाले. "नि बाजारात जाऊन बघ. महिन्याच्या शेवटाला मासली घेनारा कोन नसतो. कोलीन तुना हाक मारून देते."

मी अठ्ठावीस तारखेला बाजारात गेलो आणि खरोखर कोळणीने मला हाक मारली. त्या महिन्याच्या शेवटी आम्ही मांदेली खाल्ली, आणि यार्डातले माझे साहेब मात्र डब्यात बटाटा घेऊन आले होते. तो आनंद मी अजून विसरलेलो नाही. आईला मात्र हे फोनवर समजावताना नाकी नऊ आले. एक तारखेला काय जेवलास, तर पेज, असं ऐकल्यावर ती घाबरून म्हणाली, "पगार झाला नाही का रे तुझा?"

गावात मामांना सगळे चिकट म्हणत. तसं म्हणायला जागाही होती. बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा गावातल्या बाकीच्यांसारखे त्यांनाही पैसे मिळाले होते, त्यातून ही चाळ झाली. त्यांच्या बरोबरीच्या लोकांच्या दारात मोठ्या गाड्या उभ्या होत्या आणि हे तीच जुनी स्कूटर ढकलून चालू करायचे. एकदा ऑफिसच्या पार्टीला वाशीच्या हॉटेलात जाऊन आलो, तर त्यांनी मला ओट्यावर बसवून काय काय होतं ते सगळं विचारून घेतलं. पनीरपाशी ते थांबले. "फाटलेल्या दुधाला कवरा मान," म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

पण चिकट माणूस रविवारी चाळीतल्या सगळ्यांना एका पंगतीला बसवत नाही. मामा बसवत. जेवण साधंच असे, पण पोटभर असे आणि ते स्वतः वाढत. त्या पंगतीत मला त्यांची आणखी एक खोड कळली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक कागदाची पुडी असे आणि तिच्यात खडेमीठ. परक्या घरी, लग्नात, हॉटेलात, कुठेही अळणी लागलं तर ते हळूच पुडी काढत, एक खडा बोटांनी चुरडत आणि पानात टाकत. मीठ मागत नसत.

"ज्याच्या घरानं आख्ख्या गावाला मीठ दिला, त्यानं लोकाकडं मीठ मागाचा?" ते म्हणत.

त्यांची मिठागरं होती. त्यांच्या वडिलांच्या वेळी पावसाळ्याच्या तोंडावर गावातली माणसं टोपली घेऊन त्यांच्या दारात यायची आणि वर्षाचं मीठ घेऊन जायची. आता तिथे यार्ड आहे. संध्याकाळी गच्चीवर उभे राहून मामा मला दाखवायचे, "तो निला डबा हाय ना, त्याच्या खाली आमचा आगर." दुसऱ्या दिवशी तो निळा कंटेनर जहाजावर चढलेला असे, मग ते लाल कंटेनर दाखवत. कंटेनरची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जायची, त्यामुळे त्यांचा आगर रोज कुठे निघाला आहे हे मला माहीत असायचं, पण मी कधी बोललो नाही.

एक छोटा तुकडा मात्र बंदराच्या हद्दीबाहेर राहिला होता. तो मामांनी स्वतः विकला, थोरल्या मुलीच्या हळदीसाठी. आमच्या त्या भागातली हळद ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. लग्न एकवेळ साधं चालेल, पण हळदीला सगळा गाव जेवतो, बोकड कापतात, डीजेने घरांची कौलं हलतात आणि बाटल्यांचा खर्च वेगळा. मामांनी सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे चुलते, गावातले सगळ्यात मानाचे म्हातारे, ओट्यावर येऊन बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मटन बरा होता, पन मीठ कमी पडला."

"माजा आगर लोकांनी एका रातीत खाल्ला," मामा मला सांगायचे, "नि सकाली मीठ कमी हाय बोलले."

हे सांगताना ते हसायचे, पण मला ते ऐकून दरवेळी वाईट वाटायचं. त्या तुकड्याच्या शेवटच्या मिठाचं एक पोतं त्यांनी माळ्यावर जपून ठेवलं होतं. खिशातली पुडी त्यातूनच भरली जायची. आणि तेव्हापासून त्यांच्या घरात भांड्यात मीठ टाकायचा हक्क फक्त त्यांचा होता. मामींनी चाळीस वर्षं स्वयंपाक केलेला, तरी मिठाच्या वेळी त्या हाक मारत आणि मामा येऊन आपली मूठ टाकून जात.

मी तिथे राहायला लागून दोन वर्षं झाली तेव्हा धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. ती उरणच्या एका दवाखान्यात नर्स होती, बोलायला धीट. मामांनी जेवताना जाहीर केलं की हळदीचं जेवण दिवसा होईल, बारा वाजता, उजेडात. जेवायला वालाचं बिरडं, भात, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. बोकड नाही, बाटली नाही, डीजे नाही. विधीची गाणी, म्हणजे धवळे, गायला धवलारीण येईल, तेवढं गाणं पुरे.

धाकटीने ताटावरचा हात काढला.

"कोन येनार नाय, बाबा," ती म्हणाली. "गावात आदीच बोलतात तुमाला. माज्या हलदीला पंगत रिकामी दिसली, तर सासरची मानसं काय समजतील?"

"येतील."

"नि नाय आली तर?"

मामांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "गाव जेवला नाय, नायतर एक मानूस जरी पान सोडून उठला, तर त्याच संध्याकाली तुना पायजे तशी हलद करीन. बोकड, डीजे, सगला. मी चाल विकीन."

चाळ म्हणजे आमच्या आठ खोल्या. ही बातमी दहा मिनिटांत सगळ्या दारांना कळली आणि त्या हळदीत आम्हा भाडेकरूंचा जीव अडकला. गावातली बातमीही चांगली नव्हती. नाक्यावर पुरुषमंडळी उघड म्हणत होती की वाल खायला कोण जातंय, वाल आमच्या घरी पण आहेत. धाकटी बापाशी बोलेनाशी झाली. आणि मामांनी सकाळची बादलीतपासणी बंद केली. दोन दिवस माझ्या बादलीत बिर्याणीचा डबा तसाच पडून राहिला, पण कोणी टकटक केली नाही. तेव्हा मला कळलं की ते घाबरले आहेत.

स्वस्त जेवणाला पैसे कमी लागतात पण हात फार लागतात, हे मी त्या आठवड्यात शिकलो. तीनशे माणसांच्या बिरड्याचे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. मोड आणायचं काम आमच्या खोल्यांत झालं, कारण मामींच्या घरात पाहुणे होते. माझ्या कॉटखाली दोन दिवस वालांचं गाठोडं होतं आणि त्याच्या वासाने साताऱ्याचा मित्र पुन्हा ओट्यावर झोपायला गेला. सोलायचं काम मात्र आठ खोल्यांना झेपणारं नव्हतं.

हळदीच्या आदल्या दुपारी मामांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. माझ्या मांडीवर वालांच्या पिशव्या. आम्ही गावातल्या घराघरापुढे थांबत गेलो. मामा खाली उतरत नसत. ओट्यावरच्या बाईला हाक मारून म्हणत, "बाय, एवरे सोलून दे ग सकाली. तुज्या पातेल्यात घेऊन ये. पातेला काय लगेच देत नाय हां, जेवन झाल्यावर घेऊन जा."

वाल सोलायला नाही म्हणणारी एकही बाई निघाली नाही. हळदीला येणार का, हे त्यांनी कोणाला विचारलंच नाही.

परतताना मी म्हणालो, "मामा, खरं सांगा, येतील लोक?"

"मानूस फुकटचा जेवन सोडंल," ते पुढे बघत म्हणाले, "पन सोताच्या हातानं सोल्लेला वाल नाय सोडनार."

मला ते फार पटलं. त्यांना स्वतःला कितपत पटलं होतं कोण जाणे, कारण आपल्या घराचं वळण आलं तरी ते स्कूटर सरळ पुढे घेऊन गेले.

सकाळी बायका आल्या. प्रत्येकीने आपलं पातेलं ओट्यावर ठेवलं, वाल ओतून दिले आणि घरी निघून गेल्या. रिकामी पातेली ओट्यावर ओळीने राहिली, प्रत्येकावर कोणाचं तरी नाव कोरलेलं. अंगणात विटांच्या चुलीवर मोठा टोप चढला आणि जाळ सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मामींनी फोडणी दिली, खोबरं पडलं, गूळ-कोकम पडलं. मिठाचं पोतं माळ्यावरून उतरवून टोपाशेजारी ठेवलं होतं. तेवढ्यात मांडवातून बोलावणं आलं. मामा-मामींना पाटावर बसायचं होतं आणि धवलारीण एकदा गायला लागली की मधून उठता येत नाही.

पुढे काय झालं ते आम्हाला तासाभराने कळलं. पाटावर बसायला जाण्याआधी मामींना वाटलं, विधी लांबेल, आज आपणच मीठ टाकून घ्यावं. त्यांनी टाकलं आणि गेल्या. त्या वेळी मी लाकडं आणायला मागे गेलो होतो. मग मी आलो. टोप रटरटत होता, मीठ पडलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मामा तर पाटावर. माणसामागे किती ते मी दोन वर्षं त्यांच्या मुठीकडे बघून शिकलो होतो. मी टाकलं आणि छाती पुढे काढून जाळ सारायला बसलो. मग थोरली आली. तिने मला पाणी आणायला पाठवलं आणि मी वळल्यावर तिनेही टाकलं. तिच्या हळदीत मीठ कमी पडलं होतं, त्यामुळे तिची मूठ सगळ्यांत मोठी होती. मामांचा हक्क आपण मोडला म्हणून तिघांपैकी कोणीही कोणाला काही सांगितलं नाही. शेवटी विधी आटोपताच मामा पाटावरून उठून धावत आले, पोत्यात हात घातला, डोळे मिटून सगळं मीठ नीट मोजून टाकलं आणि ढवळलं.

मग त्यांनी पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला.

 त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"कोनी टाकला?"

मी हात वर केला. मामींनी केला. थोरलीने केला आणि ती रडायला लागली. "माज्या टायमाला कमी पडला होता ना, बाबा. मना भीती वाटली."

मांडवाच्या दारात हळद लावलेली धाकटी उभी होती. तिनेही ऐकलं. साडेदहा वाजले होते आणि चाळ गेली असं मी मनात धरून टाकलं. साताऱ्याच्या मित्राने तर मोबाइलवर खोल्या शोधायला सुरुवात केली होती, हे त्याने मला नंतर सांगितलं.

मामा ओरडतील असं वाटलं होतं, पण ते थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले. मग एकदम आमच्या शिकवणीतल्या आवाजात बोलायला लागले. "दुसरा टोप आना. अर्धा त्यात ओता. दुकानातले सगले बटाटे आना, मागच्या शेंगा तोडा. भातात मीठ नाय टाकाचा, भाकरीत नाय, चटनीत नाय. एक दाना नाय." चाळीतल्या आठही खोल्यांचे लोक कामाला लागले. क्रेन चालवणारा बटाटे सोलत होता, ट्रेलरचा ड्रायव्हर शेवग्याच्या झाडावर चढला होता. खोबरं पुन्हा वाटलं, पाणी पुन्हा घातलं, बटाटे आणि शेंगा दोन्ही टोपांत शिजल्या. पावणेबाराला मामांनी चाखलं आणि नुसती मान हलवली. चांगली की वाईट ते कळलं नाही. आता आमच्याकडे सहाशे माणसांचं जेवण तयार होतं, आणि तीस तरी येतील की नाही याची खात्री नव्हती.

बारा वाजले. मांडवात पत्रावळी मांडलेल्या, वर माशासुद्धा नव्हत्या. सवाबारा झाले. मामा ओट्यावरच्या पातेल्यांकडे बघत उभे होते आणि खिशातली पुडी बाहेर काढून पुन्हा आत ठेवत होते. धाकटी येऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्या जवळ आली होती.

मग गल्लीच्या तोंडाशी पहिली बाई दिसली. केसात अबोलीचा गजरा, अंगावर जरीचं लुगडं, गळ्यात सगळे दागिने.

"पातेला न्यायला आयलेय," ती म्हणाली. तिच्यामागे तिचा नवरा, दोन दीर आणि सासूही पातेलं न्यायला आली होती.

मग दुसरी आली, मग चार एकदम. नाक्यावरचे पुरुष खाली मान घालून बायकांच्या मागे मांडवात शिरले आणि लगेच पंगतीला बसले. अर्ध्या तासात जागा पुरेना. बायका पंगतीतून ओरडून एकमेकींना विचारत होत्या, तुझे वाल कुठल्या टोपात गेले. एक तर नवऱ्याच्या पानातल्या दाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, हा मी सोललाय, नीट खा. सहाशेचं जेवण आता कमी पडेल की काय म्हणून मामींना वेगळी काळजी लागली. धवलारीण गात होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सगळ्यांत शेवटी मामांचे चुलते आले, काठी टेकत. त्यांना पंगतीच्या मधोमध बसवलं. मामा स्वतः वाढायला वाकले. चुलत्यांनी भाताचा घास कालवला, तोंडात टाकला आणि हळूहळू चावला. आजूबाजूचे लोक जेवायचे थांबले. मागच्या वेळचं सगळ्या गावाला आठवत होतं. थोरलीने माझा हात दाबून धरला. आता म्हातारा पान सोडून उठला तर चाळ गेली, हे त्या मांडवात आमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

चुलत्यांनी घास गिळला.

"बिरडा बरा हाय," ते म्हणाले. "पन मीठ जरा कमी हाय."

 मला एकदम चार मुठी आठवल्या, आणि त्याच क्षणी थोरलीला आठवल्या असणार, कारण ती तोंडावर पदर धरून थरथरायला लागली. मामी खाली बसल्या. धाकटी तर मोठ्याने हसली. मग मामांनाही हसू फुटलं, इतकं की हातातली पळी मला घ्यावी लागली आणि डोळे त्यांना सदऱ्याने पुसावे लागले.

चुलत्यांना काहीच कळेना. ते पानावरून उठले नव्हते. त्यांनी हात पुढे केला.

"हसतोस काय? मीठ दे ना," ते म्हणाले. "तुज्या घरी नाय मागाचा तं कोनाकडं मागाचा?"

आगर गेल्यापासून मामांच्या दारात येऊन मीठ कोणी मागितलं नव्हतं. मामांचं हसणं थांबलं. त्यांनी खिशातून पुडी काढली, सावकाश उघडली, सगळ्यांत मोठा खडा निवडला आणि दोन्ही हातांनी चुलत्यांच्या पानात ठेवला. शेजारच्याने आपलंही पान पुढे सरकवलं. मग त्याच्या शेजारच्याने. मला वाटतं कोणालाच मीठ नको होतं, पण मामा पंगतीच्या शेवटापर्यंत वाकून एकेक खडा ठेवत गेले, आणि पुडी संपली तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "पोता आन."